वर्मावर बोट

२ नोव्हेंबर १९८८, बुधवार. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या यूटा विद्यापीठात, संगणकशास्त्र विभागातला व्हॅक्स ८६०० हा संगणक रात्री पावणेनऊपर्यंत नेहमीसारखा चालला होता. अशा यंत्रावर एकाच वेळी अनेकांची कामं चालत. किती कामं रांगेत उभी आहेत हे सांगणारा एक आकडा पडद्यावर बघता येई, त्याला ‘लोड’ म्हणत. बँकेच्या काउंटरसमोरची रांग मोजावी, तसंच हे. रात्री साडेनऊच्या सुमाराला यूटात हा आकडा एकच्या आसपास असायचा. पाचच्या वर गेला की कामं रेंगाळू लागत.

८ वाजून ४९ मिनिटांनी एक परका प्रोग्रॅम या यंत्रात शिरला आणि वीस मिनिटांत त्यानं इथूनच दुसऱ्या यंत्रांवर चाल करायला सुरुवात केली. त्याच विद्यापीठातल्या डॉन सीली यांनी पुढे त्या रात्रीचा मिनिटामिनिटाचा हिशेब लिहून ठेवला. ९:२१ ला लोड ५ झाला, ९:४१ ला ७, १०:०१ ला १६. १०:०६ ला यंत्रात इतकी गर्दी झाली की एकही नवं काम सुरू होईना. १०:२० ला यंत्र सांभाळणाऱ्यानं ते परके प्रोग्रॅम वेचून मारले. वीस मिनिटांत लोड २७. मग त्यानं यंत्रच बंद केलं आणि नव्यानं चालू केलं. ११:२१ ला आकडा होता ३७.

चमत्कारिक गोष्ट अशी, की कुणाची एकही फाइल पुसली गेली नव्हती. कुणाचा पासवर्ड चोरून बाहेर पाठवला जात नव्हता, पडद्यावर धमकी नव्हती, खंडणीची मागणी नव्हती. आत आलेला पाहुणा फक्त स्वतःच्या प्रती काढत होता आणि त्या शेजारी धाडत होता.

इंग्रजीत अशा प्रोग्रॅमला ‘वर्म’ म्हणजे किडा म्हणतात. व्हायरस आणि वर्म ही नावं आपण सरसकट वापरतो, पण दोघांची चाल वेगळी. व्हायरस बांडगुळासारखा असतो. तो दुसऱ्या प्रोग्रॅमच्या अंगावर वाढतो, आणि कुणीतरी तो प्रोग्रॅम चालवला की पसरतो. वर्म आपल्या पायांनी चालतो. मालकानं काही उघडण्याची, काही दाबण्याची त्याला गरज नसते. दोन यंत्रांमध्ये तार असली की त्याचं भागतं.

मराठीत मात्र ‘वर्म’ म्हणजे नाजूक जागा, जिथं लागलं की माणूस कळवळतो. साम्य निव्वळ उच्चाराचं. पण त्या रात्रीची गोष्ट सांगायला ते फार सोयीचं आहे. कारण या किड्यानं कुठलीही भिंत फोडली नाही. संगणकांच्या जाळ्याचं वर्म कुठे आहे हे त्याच्या कर्त्याला ठाऊक होतं. ते वर्म होतं विश्वास.

कड्या न लावलेला वाडा

इंटरनेटची आई म्हणजे अर्पानेट. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून ते १९६९ मध्ये सुरू झालं. १९८८ पर्यंत त्याभोवती जाळ्यांचं एक जाळं उभं राहिलं होतं आणि त्यात सुमारे ६०,००० संगणक असावेत असा अंदाज होता. आज एखाद्या मोठ्या कंपनीकडे एवढे संगणक असतात. विद्यापीठं, संशोधनसंस्था, सरकारी प्रयोगशाळा आणि लष्कराची काही केंद्रं एवढाच त्याचा परीघ. दुकानं नव्हती, बँका नव्हत्या, घरगुती माणसं नव्हती. भारतात अर्नेट हे शैक्षणिक जाळं मुंबईची एनसीएसटी ही संस्था आणि आयआयटी यांना हाताशी धरून नुकतं कुठे उभं राहत होतं.

एवढ्या लहान जगात माणसं एकमेकांना ओळखत. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार? म्हणून ‘अमक्या यंत्रावरून तमका आला तर त्याला विचारू नका, आत घ्या’ अशी यादीच यंत्रात लिहून ठेवलेली असे. जुन्या वाड्यात बिऱ्हाडांची दारं दिवसभर नुसती लोटलेली असत, तसा हा कारभार होता. त्याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. संशोधन जलद व्हायचं ते याच मोकळेपणामुळे.

आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमची कल्पनाही नवी नव्हती. १९७१ मध्ये बीबीएन या कंपनीतल्या बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो अर्पानेटवर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई आणि ‘पकडा पाहू मला’ अशा अर्थाचा निरोप छापी. ईमेलचे जनक रे टॉमलिन्सन यांनी त्याला हुडकून संपवणारा ‘रीपर’ लिहिला. १९७५ मध्ये जॉन ब्रनर यांच्या ‘द शॉकवेव्ह रायडर’ या विज्ञानकादंबरीत जाळ्यात मोकाट सुटलेला ‘टेपवर्म’ आला, आणि तिथूनच हे नाव उचललं कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रानं.

तिथल्या जॉन शॉक आणि जॉन हप यांचा हेतू चांगला होता. रात्री रिकामे पडलेले संगणक शोधून त्यांच्याकडून काम करून घेणारा एक प्रोग्रॅम त्यांनी बनवला. एका रात्री छोटासा वर्म चालू ठेवून मंडळी घरी गेली. सकाळी येऊन बघतात तो इमारतभर संगणक मेलेले. चालू करावेत तर वर्म पुन्हा त्यांना गाठे आणि ते पुन्हा मरत. अखेर सगळ्या प्रतींना एकदम थांबवणारा एक खास संदेश जाळ्यावर सोडावा लागला. १९८२ मध्ये दोघांनी हा अनुभव प्रामाणिकपणे लिहून छापला. किडा सोडणं सोपं, आवरणं कठीण, हे शहाणपण सहा वर्षं आधीच छापील स्वरूपात उपलब्ध होतं.

बापाचं संशोधन, मुलाचा प्रयोग

रॉबर्ट टॅपन मॉरिस हा तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच वर्षाला होता. हार्वर्डची पदवी आधीच हातात पडलेली. तेविसावा वाढदिवस आठवड्याच्या आत येऊन ठेपला होता. स्वभावानं अबोल, युनिक्स या प्रणालीत मुरलेला.

मुरलेला असणारच. त्याचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल लॅबोरेटरीजमध्ये युनिक्स घडवणाऱ्या पिढीतले. युनिक्समध्ये पासवर्ड गुप्त रूपात साठवण्याच्या पद्धतीवर त्यांनीच काम केलं होतं. १९७९ मध्ये त्यांनी केन थॉम्पसन यांच्यासोबत एक निबंध छापला. दोघांनी ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले, त्यांतले २,८३१ सहज शोधता येण्याजोगे निघाले. कुणी एकच अक्षर ठेवलं होतं, कुणी दोन-तीन, कुणी शब्दकोशातला सरळ शब्द. १९८८ मध्ये हेच वडील अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते.

मुलानं लिहिलेला प्रोग्रॅम एका प्रयोगासाठी होता, असं त्याचं म्हणणं. कुणाचं काही न बिघडवता, लक्षात न येता, जाळ्यात किती दूरवर पोचता येतं ते त्याला बघायचं होतं. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्यानं तो सोडला. सोडला मात्र कॉर्नेलहून नाही. उगम कळू नये म्हणून दूरच्या एमआयटीतल्या एका यंत्रावरून.

प्रोग्रॅमकडे आत शिरायच्या चार वाटा होत्या आणि चारही सज्जन माणसांनीच बांधलेल्या.

पहिली वाट टपालाची. ‘सेंडमेल’ हा ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम जवळपास प्रत्येक यंत्रावर असे. चाचणीच्या सोयीसाठी त्यात एक खास स्थिती ठेवलेली होती. ती चालू असली तर पत्र घेणाऱ्याच्या नावाच्या जागी थेट आज्ञाच लिहिता येई. पाकिटावर पत्त्याऐवजी हुकूम लिहावा आणि पोस्टमास्तरनं तो मुकाट बजावावा, असा प्रकार. चाचणी संपल्यावर ही सोय बंद करायची असते. अनेक ठिकाणी ती तशीच राहून गेली होती.

दुसरी वाट ‘फिंगर’, म्हणजे बोट, नावाच्या सेवेची. अमुक माणूस कोण, त्याचं पूर्ण नाव काय, आत्ता तो कामावर आहे का, असं दुसऱ्या यंत्राला विचारण्याची ही सोय, म्हणजे जाळ्यावरची चौकशीची खिडकी. येणारा प्रश्न लिहून घ्यायला फिंगरनं ५१२ अक्षरांची जागा राखली होती. प्रश्न त्याहून लांब आला तर काय, हे बघण्याची तसदी त्यानं घेतली नव्हती. वर्मनं ५३६ अक्षरांचा प्रश्न पाठवला. जास्तीची २४ अक्षरं शेजारच्या जागेत सांडली. तिथे ‘हातातलं काम झालं की पुढे कुठे जायचं’ हे टिपण प्रोग्रॅमनं ठेवलेलं होतं. ते टिपण पुसलं गेलं आणि त्याजागी वर्मनं आणलेला पत्ता बसला. चौकशीच्या खिडकीतला कारकून पुढचं काम वर्मच्या सांगण्यावरून करू लागला. ‘वर्मावर बोट ठेवणे’ या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः प्रयोग दुसरीकडे सापडणार नाही. ही युक्ती फक्त व्हॅक्स यंत्रांवर चालायची. सन कंपनीच्या यंत्रांवर फिंगर नुसता कोसळून पडे.

तिसरी वाट आधी सांगितलेल्या विश्वासू यंत्रांच्या यादीची. एका घरात शिरलं की ज्यांच्याकडे न विचारता जाता येतं त्या घरांची नावं तिथेच लिहिलेली मिळत.

चौथी वाट पासवर्डची. युनिक्समध्ये पासवर्ड गुप्त रूपात साठवलेले असत, पण ती फाइल वाचायला कुणालाही मुभा होती. वर्म आधी माणसाचं खात्यावरचं नाव लावून बघे, मग तेच नाव उलटं, मग आडनाव. नाही जमलं तर स्वतःसोबत आणलेली ४३२ शब्दांची यादी. तीही संपली तर त्या यंत्रातलाच शब्दकोश. वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी जे मोजून दाखवलं होतं, ते मुलानं वापरून दाखवलं.

वाट सापडली की सगळा वर्म एकदम आत जात नसे. आधी ९९ ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम जाई. तो त्या यंत्रावर तिथल्याच साधनांनी तयार होई, आणि मग बाकीचा ऐवज मागे ओढून घेई. तानाजीच्या कथेत आधी घोरपड कड्यावर चढते आणि मग दोरावरून मावळे वर येतात, तसं. आत आल्यावर वर्म स्वतःच्या फाइली पुसून टाकी, एका साध्या, नेहमीच्या प्रोग्रॅमचं नाव धारण करी आणि मधूनमधून आपला ओळखक्रमांक बदली.

सातातून एकदा

इतकी लपवाछपवी करणाऱ्याला गर्दी परवडणारी नव्हती. एका यंत्रात एकच प्रत पुरे. म्हणून नवी प्रत आत शिरली की आधी विचारी, ‘इथे आपलं कुणी आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं की दोघांपैकी एक प्रत स्वतःला संपवी.

इथे मॉरिसला शंका आली. एखाद्या हुशार माणसानं आपल्या यंत्राला खोटंच ‘हो’ म्हणायला शिकवलं तर? मग वर्मला तिथं थाराच मिळणार नाही. या खोटेपणावर तोड म्हणून त्यानं एक नियम घातला. सात वेळा ‘हो’ असं उत्तर आलं तर त्यातल्या एकदा ते मानायचं नाही, ठाण मांडून बसायचं.

सात हा आकडा त्याला पुरेसा मोठा वाटला असावा. पण एकाच यंत्रावर वर्म किती वेळा धडकेल याचा त्याचा अंदाज साफ चुकला. साठ हजार यंत्रांचं दाट जाळं, प्रत्येक प्रत चारही वाटांनी शेजाऱ्यांवर चाल करणारी. एखाद्या लोकप्रिय यंत्रावर तासाभरात कितीतरी प्रती येत, आणि दर सातातली एक मुक्काम ठोके. त्या प्रती पुन्हा बाहेर जात. यूटातला लोड १ वरून ३७ वर गेला तो या एका नियमामुळे. यंत्रं आठवड्या-दोन आठवड्यांनी कधीतरी बंद केली जातात, तेव्हा प्रती आपोआप मरतील, असाही त्याचा हिशेब होता. तेवढा वेळ कुणाकडेच उरला नाही.

ज्या जाळ्यात सगळे एकमेकांवर नको इतका विश्वास टाकत होते, त्याच विश्वासाच्या वाटांनी हा किडा फिरला. आणि त्याच्या कर्त्यानं एकदाच, एकाच ठिकाणी अविश्वास दाखवला, तो त्याला नडला. तो नियम नसता तर वर्म कदाचित कित्येक दिवस कुणाच्या ध्यानातही आला नसता.

औषध अडकलं

ईस्टर्न टाइमप्रमाणे रात्री अडीचच्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रातून पीटर यी यांनी जाळ्यावर इशारा पाठवला. आपल्यावर हल्ला चालू आहे आणि बर्कली, सॅन डिएगो, लॉरेन्स लिव्हरमोर, स्टॅनफर्ड व एम्स ही ठिकाणं त्याच्या तडाख्यात आली आहेत, असं त्यात म्हटलं होतं.

तोवर मॉरिसलाही प्रकरण हाताबाहेर गेल्याचं कळलं होतं. त्यानं हार्वर्डमधल्या मित्राला, अँडी सडथला गाठलं. पहाटे ३:३४ ला सडथनं नाव न देता एक संदेश सोडला. जाळ्यात व्हायरस सुटला असावा, त्याला रोखायला या तीन गोष्टी करा, असा त्याचा मजकूर. उपाय नेमके होते. पण संदेश ज्या यंत्रामार्फत पुढे जायचा होता, तिथंच वाट तुंबलेली. लोकांच्या हाती तो पडायला एक दिवसाहून जास्त वेळ गेला, आणि तोवर त्याचा उपयोग संपला होता. किड्यानं अडवलेल्या रस्त्यावर त्याच्याच कर्त्यानं पाठवलेलं औषध अडकून पडलं.

पहाटे सहाच्या आत बर्कलीच्या कीथ बॉस्टिक यांनी सेंडमेलची दुरुस्ती जाळ्यावर पाठवली. एक गमतीदार तोडगाही त्याच्या जोडीला फिरू लागला. घोरपड ज्या साधनांनी जागेवर तयार होते, त्या साधनांची नावंच बदलून टाका. पण गुरुवारी सकाळपर्यंत अनेकांनी घाबरून आपली यंत्रं जाळ्यापासून तोडली होती. लष्करानं मिलनेट हे आपलं जाळं अर्पानेटपासून वेगळं केलं. त्यातून नवाच पेच उभा राहिला. ज्यांनी तार काढली ते किड्यापासून वाचले, पण दुरुस्तीची पत्रंही त्याच तारेनं येत होती. आणि वर्षानुवर्षं ईमेलवर बोलणाऱ्या या मंडळींकडे एकमेकांचे फोन नंबरच नव्हते. कुणाचा नंबर कुणाकडे आहे याचा शोध घेण्यात मोलाचे तास गेले.

दरम्यान बर्कलीत, एमआयटीत, पर्ड्यूमध्ये, यूटात तरुण मंडळी जागीच होती. हातात मूळ प्रोग्रॅम नव्हता. होते ते फक्त यंत्राला कळणारे आकडे. त्यावरून माणसाला वाचता येईल असा मजकूर उलट्या दिशेनं उभा करायचा होता. मॉरिसनं आतले शब्दही साध्या गुप्तलिपीत झाकून ठेवले होते. बर्कली आणि एमआयटीच्या गटांनी ४ नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत तो जवळजवळ पूर्ण उलगडला. पर्ड्यूच्या जीन स्पॅफर्ड यांनी या साऱ्यांसाठी सल्लामसलतीची सोय केली आणि पुढे सविस्तर अहवाल लिहिला. हा किडा काही पुसत नाही, कुठे काही पाठवत नाही, हे तेव्हा कुठे खात्रीनं कळलं आणि लोकांचा जीव भांड्यात पडला.

एकूण किती यंत्रांना लागण झाली? ६,००० हा आकडा तेव्हापासून सगळीकडे छापला जातो. तो निघाला एमआयटीतल्या अंदाजावरून. तिथल्या सुमारे दहा टक्के यंत्रांना लागण दिसली, मग जाळ्यातल्या ६०,००० चे दहा टक्के किती? नुकसानीचे आकडे याहून सैल. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयानं नोंदवलेले अंदाज एक लाख डॉलरपासून एक कोटी डॉलरपर्यंत पसरलेले आहेत.

पुन्हा एकदा बोट

गुन्हेगार सापडला तो मजेशीर रीतीनं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे वार्ताहर जॉन मार्कॉफ यांना एका निनावी माणसाचे फोन येत होते. कर्त्याचा हेतू वाईट नव्हता, हे पटवून देण्याचा त्याचा प्रयत्न. बोलण्याच्या भरात तो कर्त्याची आद्याक्षरं बोलून गेला, ‘आरटीएम’. मार्कॉफ यांनी ती तीन अक्षरं फिंगर सेवेला विचारली. रॉबर्ट टॅपन मॉरिस हे पूर्ण नाव समोर आलं. किडा ज्या खिडकीतून आत शिरला, त्याच खिडकीनं त्याच्या मालकाचं नाव सांगितलं.

८ नोव्हेंबरला सरकारनं या हल्ल्याची चिकित्सा करायला तज्ज्ञांची बैठक बोलावली. बोलावणारी संस्था म्हणजे वडील मॉरिस जिथे मुख्य शास्त्रज्ञ होते, तेच संगणक-सुरक्षा केंद्र. त्या दिवशी मुलाला तेवीस वर्षं पूर्ण होत होती.

खटला न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजमध्ये चालला. संगणकातल्या फसवणुकीविरुद्ध अमेरिकेनं १९८६ मध्ये नवा कायदा केला होता, आणि या कायद्याखाली ज्यूरीसमोर चाललेला हा पहिला खटला. बचावाचा मुद्दा सरळ होता: नुकसान करण्याचा हेतूच नव्हता. जानेवारी १९९० मध्ये ज्यूरीनं त्याला दोषी ठरवलं. मे महिन्यात शिक्षा झाली. तीन वर्षं देखरेखीखाली राहायचं, ४०० तास समाजसेवा करायची आणि १०,०५० डॉलर दंड भरायचा. तुरुंग टळला. वरच्या न्यायालयानं १९९१ मध्ये निकाल कायम ठेवताना एक गोष्ट पक्की केली. परवानगीवाचून आत शिरण्याचा हेतू सिद्ध झाला की पुरे, नुकसान करण्याचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागत नाही. पुढे या कायद्याच्या कक्षा फार रुंद झाल्याची टीका सतत होत आली आहे, आणि तिचं एक मूळ या निकालात आहे.

कॉर्नेलच्या चौकशी समितीनं या कृत्याला पोरकटपणा म्हटलं, पण परिणामांकडे डोळेझाक केल्याचा ठपकाही ठेवला. भोकं दाखवून त्यानं उपकारच केले, असंही काहीजण म्हणत. स्पॅफर्ड यांच्यासारख्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. घर पेटतं हे दाखवायला घराला काडी लावायची नसते. मॉरिसचं आयुष्य मात्र सावरलं. त्यानं हार्वर्डमधून डॉक्टरेट पुरी केली, मित्रांसोबत कंपन्या उभ्या केल्या आणि जिथल्या यंत्रावरून वर्म सोडला होता, त्याच एमआयटीत तो प्राध्यापक झाला. वर्मचा मूळ प्रोग्रॅम असलेली फ्लॉपी आज कॅलिफोर्नियातल्या संगणक-संग्रहालयात आहे.

न्हावा-शेवा ते घाना

सगळ्यात टिकाऊ परिणाम साधा होता: फोन उचलणारा माणूस. हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच संरक्षण खात्याच्या संशोधनसंस्थेनं पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे केंद्र उभारलं. कुठे काही घडलं तर कळवायचं कुणाला आणि इतरांना सावध करायचं कुणी, याची जबाबदारी पहिल्यांदा एका जागी आली. याच धर्तीवर देशोदेशी केंद्रं निघाली; भारतात ‘सर्ट-इन’ जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं.

वाड्याच्या दारांना कड्या लागल्या, कुलपं आली. पण वर्म जागेवरच राहिलं. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ हा नवा किडा आला. आकार अवघा ३७६ बाइट, म्हणजे या लेखातल्या एखाद्या छोट्या परिच्छेदाहून लहान. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत त्यानं दहा मिनिटांत जगभरातली बहुतेक असुरक्षित यंत्रं गाठली. अमेरिकेत एटीएम बंद पडली, दक्षिण कोरियात इंटरनेट बसलं. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं सहा महिने आधीच दिली होती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’नं ब्रिटनची रुग्णालयं वेठीला धरली, त्यानं वापरलेल्या भोकाची दुरुस्ती दोन महिने आधी आली होती. आपल्या कुलपाच्या किल्ल्या बदलायला माणसं चालढकल करतात, यावर वर्मची भिस्त असते.

२७ जून २०१७ चा ‘नॉटपेट्या’ बघितला की १९८८ च्या वाटा ओळखू येतात. त्याचा प्रवास सुरू झाला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून. ग्राहकांनी ती विश्वासानं घेतली, कारण ती नेहमीच्या विक्रेत्याकडून आली होती. आत शिरल्यावर त्यानं एक जुनं भोक वापरलं आणि यंत्राच्या स्मृतीत पडलेले पासवर्ड उचलून शेजारच्या यंत्रांची दारं उघडली. मॉरिसच्या किड्यानं काही पुसलं नव्हतं. यानं सगळंच पुसलं. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचा कारभार जगभर एकदम थांबला आणि तिच्या समूहाकडे असलेलं आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनलही त्यात सापडलं. संगणकावर चालणारी कंटेनरांची नोंद बंद पडली आणि मालाची ये-जा खोळंबली. हल्ला युक्रेनवर, आणि माल अडकला उरणला.

मर्स्कचा कारभार परत उभा करायला एक यादी हवी होती: आपल्या जाळ्यात कोण कोण आहे, कुणाला काय परवानगी आहे, याची. ती जगभरातल्या दीडशेच्या आसपास यंत्रांवर होती, आणि ती सगळी यंत्रं एकमेकांची नक्कल ठेवत असल्यानं सगळी एकदम गेली. अपवाद एकच. पश्चिम आफ्रिकेत, घानातल्या कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेली होती. लोडशेडिंगला शिव्या घालत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हे वाचून हसू येईल, पण त्या अंधारानंच ते एक यंत्र वाचवलं.

घानाहून तारेनं तो मजकूर पाठवायचा तर दिवसच्या दिवस लागले असते. मग तिथल्या माणसानं डिस्क उचलली. ब्रिटनचा व्हिसा नव्हता म्हणून तो नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हातात ती दिली, आणि तो ती घेऊन लंडनच्या विमानात बसला. १९८८ मध्ये औषध जाळ्यात अडकलं होतं आणि माणसं फोन नंबर शोधत होती. एकोणतीस वर्षांनी जाळं कितीतरी पटींनी मोठं झालं होतं, आणि औषध न्यायला अखेर माणसाची बॅगच लागली.